एका जुन्या मोटारीची शाळा

यंदा दिवाळीची सुटी संपून शाळा भरली त्या दिवशीं दहाव्या इयत्तेंतील एक विद्यार्थी उजवा हात गळ्यांत बांधून वर्गांत आला. चौकशी करतां असें समजलें कीं, गांवाबाहेरच्या हमरस्त्यावर चुलत्याची मोटारसायकल नेऊन त्यानें दुसऱ्या दोघांशीं शर्यत लावली होती, आणि वळणावर पडलेल्या खडीवरून गाडी घसरली. हाड मोडण्यावरच निभावलें. आम्ही त्याला रागें भरण्याच्या तयारींत होतों. पण त्यानें खालीं मान घालून विचारलेल्या प्रश्नानें आमचा राग ओसरला. तो म्हणाला, “सर, शर्यत शिकायचीच असेल तर ती कोठें शिकावी? ज्यांच्याजवळ पैसा आहे त्यांना गाडी आहे, मैदान आहे. आम्हांला रस्त्याशिवाय दुसरें काय आहे?”

प्रश्न रास्त होता, आणि त्या दिवशीं आम्हांला त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. तें उत्तर आज या वार्षिकाच्या पानांतून देण्याचें योजिलें आहे. त्यासाठीं वाचकांना प्रथम इंग्लंडांत व नंतर न्यूझीलंड देशांत न्यावें लागेल. कारण ज्या मोटारीनें अनेक सामान्य घरांतील मुलांना शर्यतीचें शिक्षण दिलें, ती इंग्लंडांत जन्मली, आणि तिचा सर्वांत नांवाजलेला विद्यार्थी न्यूझीलंडांत वाढला.

१९२२ सालीं सर हर्बर्ट ऑस्टिन यांनीं ‘ऑस्टिन सेव्हन’ नांवाची एक लहानशी मोटार लोकांपुढें आणली. त्यांच्या कारखान्याची सांपत्तिक स्थिति त्या सुमारास बिकट होती, आणि इतकी लहान गाडी काढण्याची कल्पना संचालकांना पसंत नव्हती. तेव्हां ऑस्टिनसाहेबांनीं कारखान्यांतील स्टॅन्ली एज या अवघ्या अठरा वर्षांच्या आराखडे काढणाऱ्या तरुणाला आपल्या घरीं नेलें, आणि घरांतील बिलियर्ड खेळण्याच्या खोलींत बसून त्या दोघांनीं मिळून ही गाडी कागदावर उतरविली. पहिल्या थोड्या गाड्या सोडल्या तर तिच्या इंजिनाचें आकारमान ७४७ घनसेंटिमीटर होतें. आपल्या देशांत १९८३ पासून घरोघर परिचित झालेल्या मारुति ८०० गाडीचें इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचें होतें; म्हणजे हें त्याहूनही लहान. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर केवळ सव्वासहा फूट. अशा सुमारें २,९०,००० गाड्या १९३९ पर्यंत तयार झाल्या. जी वस्तु पुष्कळ तयार होते ती जुनी झाल्यावर स्वस्त मिळते, आणि तिचे सुटे भागही अडगळींतून सांपडतात. गरिबाच्या दृष्टीनें ऑस्टिन सेव्हनचा हा सर्वांत मोठा गुण ठरला.

१९२९ सालीं उत्तर आयर्लंडांतील आर्ड्स येथें टूरिस्ट ट्रॉफी नांवाची मोठी शर्यत झाली. गाडीच्या शक्तीप्रमाणें कमीअधिक सवलत देण्याची पद्धत त्या शर्यतींत होती. पहिला क्रमांक एका प्रचंड मर्सिडीज गाडीनें पटकावला. पण तिसरा क्रमांक या चिमुकल्या ऑस्टिननें मिळविला तेव्हां लोकांनीं तोंडांत बोटें घातलीं. या प्रांताच्या नांवावरून पुढें तिच्या शर्यतीच्या प्रकाराला ‘अल्स्टर’ म्हणूं लागले. तिचें वरचें अंग ॲल्युमिनियमचें, बसायला दोनच जागा, आणि इंजिनाला तेल दाबानें पोहोंचविण्याची व्यवस्था साध्या गाडीपेक्षां चांगली. अशीच एक १९२९ सालची अल्स्टर गाडी हातोहातीं फिरत न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं येऊन पडली होती.

त्या शहरांतील रेम्युएरा भागांत लेस मॅक्लॅरन नांवाचे गृहस्थ पेट्रोलपंप व दुरुस्तीचें गॅरेज चालवीत. त्यांचा मुलगा ब्रूस ३० ऑगस्ट १९३७ रोजीं जन्मला. नवव्या वर्षीं त्याला खुब्याच्या सांध्याचा पर्थीझ नांवाचा विकार जडला. या विकारांत मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्ताचा पुरवठा अपुरा पडतो व हाड ठिसूळ होतें. त्या काळचा उपाय म्हणजे त्या सांध्यावर भार पडूं न देणें. ज्या वयांत मुलें झाडांवर चढतात त्या वयांत ब्रूस सुमारें दोन वर्षें अपंग मुलांच्या एका आश्रमांत चौकटीला जखडून निजून होता. तो बरा झाला, पण डावा पाय उजव्याहून आखूड राहिला तो कायमचा. मैदानी खेळांत तो इतरांच्या बरोबरीनें धांवूं शकणार नव्हता, हें उघड होतें.

तो सुमारें तेरा वर्षांचा असतां वडिलांनीं ती अल्स्टर गाडी ११० पौंडांना विकत घेतली. गाडी म्हणण्यापेक्षां गाडीचे अवशेष म्हणावे. कारण ती खोललेल्या अवस्थेंत, सुट्या तुकड्यांच्या रूपानें घरीं आली. पुढें जवळजवळ वर्षभर बापलेक ते तुकडे जोडीत होते. हें वर्ष कसें गेलें असेल याची कल्पना यावी म्हणून जुनी गाडी पुन्हां उभी करण्याचें काम कसें चालतें, तें येथें थोडें विस्तारानें सांगतों.

जुनी गाडी सुधारणें म्हणजे तिला रंग फासणें, असा अनेकांचा समज असतो. वास्तविक रंग हें शेवटचें काम आहे. पहिलें काम वहीचें. जो भाग सोडवावयाचा तो कोठें होता, कोणत्या बाजूस तोंड करून होता, त्याला किती चकत्या होत्या, हें लिहून व चित्र काढून ठेवलें नाहीं, तर महिन्याभरानें डब्यांतील शंभर खिळेपेंच पाहून शहाण्यालाही रडूं कोसळतें. मग प्रत्येक तुकडा रॉकेलमध्यें धुवावयाचा. मळ निघाला म्हणजे दोष दिसूं लागतात.

त्यानंतर मोजमाप. सिलिंडर म्हणजे ज्या नळींत दट्ट्या वरखालीं होतो ती नळी. अनेक वर्षांच्या घासण्यानें ती वरच्या बाजूस अधिक झिजते व तिचें तोंड लंबगोल होतें. झीज थोडी असेल तर नव्या कड्या घालून भागतें. अधिक असेल तर नळी कोरून मोठी करावी लागते व मोठे दट्टे बसवावे लागतात. कड्या पुरतील तेथें कोरकाम केलें तर पैसा जातो. कोरकाम हवें तेथें कड्या घातल्या तर श्रम जातात. काय करावें हें डोळा सांगत नाहीं, मापकयंत्र सांगतें. म्हणून गणिताच्या तासाला दशांश अपूर्णांकांचा कंटाळा करणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एकदां गॅरेजमध्यें जाऊन यावें, अशी आमची शिफारस आहे.

इंजिनाचा मुख्य दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट. सुरुवातीच्या ऑस्टिन सेव्हनचा हा दांडा केवळ दोन टोकांच्या आधारावर फिरे, मध्यें आधार नव्हता. त्यामुळें अतिवेगांत तो वांकतो व कधीं तुटतो. त्याला बारीक तडा गेला आहे कीं काय, हें पाहण्याची कारागिरांची एक जुनी युक्ति आहे. दांडा पातळ तेलांत बुडवून ठेवावा, मग पुसून कोरडा करावा व वर खडूची पूड भुरभुरावी. तडा असेल तर त्यांत शिरलेलें तेल हळूहळू बाहेर येतें व पांढऱ्या पुडीवर केंसासारखी काळी रेघ उमटते. ही परीक्षा जवळजवळ फुकट होते. ती न केल्यास भर वेगांत दांडा तुटून सगळें इंजिन फुटण्याचा संभव असतो. जुन्या इंजिनांतील पुष्कळ बेअरिंगांना मऊ पांढऱ्या धातूचें अस्तर असतें. दांड्याला निळा रंग लावून तो त्यांत फिरवावयाचा, जेथें रंग उमटला तो उंचवटा समजून तेवढाच हलक्या हातानें खरवडावयाचा, पुन्हां रंग, पुन्हां खरवडणें. सर्वत्र सारखा रंग उमटेपर्यंत हेंच चालतें. या कामाला पैशापेक्षां धीर अधिक लागतो. आणि धीर हा श्रीमंतांच्या दुकानांत विकत मिळत नाहीं.

थोड्या पैशांत काम करणाऱ्याला एक नियम मात्र कधींही मोडतां येत नाहीं : ज्या भागावर जीव अवलंबून आहे त्यांत काटकसर करूं नये. ऑस्टिन सेव्हनचे ब्रेक तारांनीं ओढले जात. त्या तारा, सुकाणूचे सांधे, चाकांचे आरे व टायर यांवर प्रथम खर्च करावा, त्यानंतर इंजिन, आणि उरलेंच तर गादी व रंग. हौशी माणसें बहुधा याच्या उलट क्रमानें जातात. चकाकणारी पण न थांबणारी गाडी ही काटकसर नव्हे, तो आत्मघात होय.

अखेर मॅक्लॅरन यांची गाडी उभी राहिली. लेस यांनीं ती चालवून पाहिली तेव्हां तिच्या वेड्यावांकड्या चालीमुळें ते इतके नाराज झाले कीं, ती विकून टाकावी असें त्यांना वाटूं लागलें. मुलाच्या आग्रहावरून ती राहिली. लेस रागावण्यास कारण होतें. या गाडीचा क्लच इतका थोडा सरके कीं, पाय किंचित् उचलतांच ती उसळी घेई किंवा बंद पडे. ब्रेक कडक नव्हते, आणि उंचसखल रस्त्यावर पुढचीं चाकें आपल्या मर्जीनें चालत. परंतु शिकणाऱ्या मुलाला हेच दोष गुरु झाले. ब्रूसनें घराच्या मागील आवारांत झाडांभोवतीं इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वाट आंखली आणि तींत तो तासन् तास गाडी फिरवूं लागला. या आकड्यांत एक डावें व एक उजवें अशीं वळणें आळीपाळीनें येतात, आणि मधल्या फुलीपाशीं गाडीचा भार एका बाजूवरून दुसरीवर जातो. हा भार केव्हां व किती सरकतो, हें अंगाला कळूं लागणें म्हणजेच शर्यत शिकूं लागणें होय.

येथें थोडें पदार्थविज्ञान सांगणें भाग आहे. टायर रस्त्याला जितकें धरूं शकतो त्यास मर्यादा असते. ती पकड ब्रेक लावण्यांत खर्च झाली तर वळण्यास उरत नाहीं. म्हणून कुशल चालक वळणाच्या आधीं, गाडी सरळ असतांना वेग उतरवितो, आणि मग वळतो. आमचा विद्यार्थी वळणांत शिरल्यावर घाबरून ब्रेक दाबून बसला. खडीवर पकड आधींच कमी, आणि तीही सगळी थांबण्यांत गेली. दुसरें असें कीं, वेग दुप्पट झाला म्हणजे गाडींतील शक्ति चौपट होते, आणि त्याच ब्रेकांनीं थांबण्यास अंतरही चौपट लागतें. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जो अंदाज बरोबर ठरतो तो ८० ला प्राणघातक ठरतो. तिसरें, वळणाची त्रिज्या चौपट केली तर त्याच पकडींत वेग दुप्पट ठेवतां येतो. म्हणून शर्यतीच्या मैदानावर चालक रस्त्याच्या बाहेरच्या कडेनें वळणाजवळ येतो, मध्यें आंतली कड गांठतो व पुन्हां बाहेरच्या कडेस जातो. त्यामुळें वळण सपाट होतें. हमरस्त्यावर हें करणें म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर जाणें; आणि एवढ्याच एका कारणावरून शर्यतीची विद्या रस्त्यावर शिकतां येत नाहीं, हें विद्यार्थ्यांच्या लक्षांत यावें.

मग मोठ्या शक्तीच्या गाडीवर हें लवकर शिकतां येईल काय? अनुभव उलट आहे. बलवान गाडीचा चालक वळणांत चुकून वेग गमावून बसला तर पुढच्या सरळ रस्त्यावर नुसता पाय दाबून तो भरून काढतो. चूक झांकली जाते. दुबळ्या गाडीला गमावलेला वेग परत मिळविण्यास अर्धा मैल लागतो. तिच्या चालकाची प्रत्येक चूक घड्याळांत दिसते. पैशाच्या अभावीं जी गाडी पत्करावी लागली, ती अशा रीतीनें सर्वांत कडक परीक्षक निघाली.

१९५२ सालीं, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षीं, ब्रूसनें ऑकलंडच्या पश्चिमेस समुद्रकांठीं असलेल्या मुरिवाई येथील टेकडी चढण्याच्या स्पर्धेंत पहिल्यानें भाग घेतला. या स्पर्धेंत गाड्या एकमेकींशीं भिडत नाहींत. बंद केलेल्या चढाच्या रस्त्यावर एकेक गाडी सोडतात व घड्याळ लावून वेळ मोजतात. आकारमानाप्रमाणें वर्ग पाडलेले असतात. ब्रूसनें ७५० घनसेंटिमीटरच्या वर्गांत पहिला क्रमांक मिळविला. अशा स्पर्धेंत धक्काबुक्की होत नाहीं, इंजिनाला थोडाच वेळ राबावें लागतें, टायर फार झिजत नाहींत, आणि प्रतिस्पर्धी स्वतःची मागची वेळ हाच असतो. थोड्या पैशांत शिकणाऱ्यास याहून सोयीचा वर्ग नाहीं.

हा एका मुलाचाच योगायोग होता असें कोणी म्हणेल. तसें नव्हे. १९४८ सालीं लंडन येथें कॉलिन चॅपमन नांवाच्या तरुणानें जुनी ऑस्टिन सेव्हन घेऊन, आपल्या भावी पत्नीच्या आईबापांच्या घरामागील गॅरेजमध्यें तिची नवी गाडी बनविली. तीच ‘लोटस’ या पुढें जगप्रसिद्ध झालेल्या मोटारींतील पहिली. १९३९ सालीं इंग्लंडांत ऑस्टिन सेव्हनच्या चाहत्यांनीं ‘७५० मोटर क्लब’ स्थापिला होता. या मंडळानें महायुद्धानंतर सामान्य मिळकतीच्या लोकांसाठीं शर्यतीचे नियम केले. त्यांत सांगाडा व इंजिन ऑस्टिन सेव्हनचेंच असावें असें बंधन होतें, म्हणजे पैशाच्या जोरापेक्षां बुद्धीला वाव मिळे. या इंजिनांत वायु आंत घेण्याचीं दोनच द्वारें असून प्रत्येक द्वार दोन सिलिंडरांत सामाईक होतें. चॅपमननें १९५१ सालीं त्यांत पडदा घालून दोहोंचीं चार केलीं, व त्याची गाडी इतरांच्या पुढें गेली. पुढें नियम बदलून ही युक्ति बंद करावी लागली. एक पत्र्याचा पडदा. पण तो सुचण्यास इंजिन स्वतः खोलून पाहिलेलें असावें लागतें.

ब्रूस मॅक्लॅरन पुढें अभियांत्रिकी शिकला, क्रमाक्रमानें मोठ्या गाड्या चालवूं लागला, आणि १९५८ सालीं न्यूझीलंडांतील शर्यतसंस्थेनें होतकरू चालकास युरोपांत पाठविण्याची योजना काढली तींत त्याची निवड झाली. १२ डिसेंबर १९५९ रोजीं अमेरिकेंत सेब्रिंग येथें त्यानें ग्रां प्री शर्यत जिंकली तेव्हां त्याचें वय २२ वर्षें १०४ दिवस होतें. सर्वांत तरुण विजेत्याचा हा मान २००३ पर्यंत त्याच्याकडे राहिला. १९६३ सालीं त्यानें आपल्या नांवाची शर्यतसंस्था काढली, आणि १९६८ सालीं बेल्जियमची ग्रां प्री स्वतःच्या संस्थेच्या गाडींत जिंकली. लंगडत चालणारा मुलगा आपल्या हातानें घडविलेल्या गोष्टीवर बसून जगाच्या पुढें गेला.

येथेंच लेख संपविला असता तर वाचकांस बरें वाटलें असतें. परंतु तें प्रामाणिकपणाचें झालें नसतें. २ जून १९७० रोजीं इंग्लंडांत गुडवुडच्या मैदानावर नवी गाडी तपासून पाहत असतां मागचें आवरण अतिवेगांत सुटलें, गाडी ताब्याबाहेर गेली, व ब्रूस मॅक्लॅरन बत्तिसाव्या वर्षीं मरण पावला. मैदान होतें, अनुभव होता, ज्ञान होतें. तरी धोका होताच. हें ज्यांच्याजवळ होतें त्यांची ही गत, तर उघड्या रस्त्यावर, उसन्या गाडीवर, काळोख्या वळणावर काय होईल, याचा विचार प्रत्येक विद्यार्थ्यानें स्वतःशीं करावा.

पालकांस दोन शब्द. मुलाला वेगाची ओढ असणें हा गुन्हा नव्हे. नुसत्या मनाईनें ती मरत नाहीं, चोरून वाट काढते. आपल्या देशांतही शर्यतीची सुरुवात थाटामाटानें झाली नाहीं. मद्रासजवळ शोलावरम येथें महायुद्धांतील जुन्या धांवपट्टीवर अनेक वर्षें शर्यती होत असत. आज चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाई येथें व कोइंबतूरजवळ कायमचीं मैदानें आहेत. तेथें परवाना लागतो, शिरस्त्राण लागतें, गाडीची तपासणी होते, डॉक्टर हजर असतो. तेथपर्यंत जाणें आपल्यांतील पुष्कळांना जमणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण पहिली पायरी घराच्या दाराशींच आहे. कोणाच्या तरी पडवींत एखादी गंजलेली स्कूटर पडलेली असतेच. अठरा वर्षें पुरीं होईपर्यंत ती चालवूं देऊं नका. खोलूं मात्र द्या. वर्षभर जो मुलगा ब्रेकची तार बदलतो, बेअरिंग धुतो व वहींत लिहून ठेवतो, त्याला यंत्राबद्दल आदर वाटूं लागतो. आणि ज्याला यंत्राबद्दल आदर आहे तो त्याच्याशीं सहसा उनाडपणा करीत नाहीं.

आमचा तो विद्यार्थी हात बरा झाल्यापासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर थांबतो. पाण्याच्या पंपाचें एक मोडकें इंजिन आम्हीं त्याला दिलें आहे. वर्गांत ज्याची वही कधीं पुरी नसे, त्यानें नारळाच्या तेलाच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून सत्तावीस भाग क्रमवार मांडले आहेत. गेल्या शनिवारीं खडूची पूड मागण्यासाठीं तो आमच्याकडे आला होता. दांड्यावर काळी रेघ उमटली नाहीं. इंजिन अजून सुरू व्हावयाचें आहे, आणि तें सुरू होईल कीं नाहीं हें सांगवत नाहीं, पण जातांना तो म्हणाला, “सर, त्या वळणावर मीं काय चुकलों तें आतां समजलें.” शर्यतीचा पहिला धडा त्याला मिळाला, असें आम्ही समजतों.